पावलाची नाडी कोण पाहणार?

प्रति,
मा. आयुक्त,
पनवेल महानगरपालिका,
पनवेल, जि. रायगड.

विषय: पायांच्या धमन्यांचा आजार, कोलेस्टेरॉलची गोळी आणि महापालिकेचे दवाखाने.

महोदय,

टपाल नाक्याकडून उरण नाक्याकडे चालत निघालेले एक साठी ओलांडलेले गृहस्थ डोळ्यांसमोर आणावेत. दीडशे-दोनशे पावलं झाली की त्यांची उजवी पोटरी भरून येते, दगडासारखी घट्ट होते. ते थांबतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांना काही वाटू नये म्हणून समोरच्या दुकानाच्या काचेत मांडलेल्या वस्तू पाहत उभे राहतात. दोन-तीन मिनिटांत कळ जाते. पुन्हा चालू लागतात, पुन्हा जवळपास तेवढ्याच अंतरावर पोटरी धरते, पुन्हा एखादी काच. जर्मन भाषेत या दुखण्याला लोक ‘दुकानाच्या काचेचा आजार’ म्हणतात. आपल्याकडे त्याला नाव नाही. घरात त्याला ‘वय झालं’ म्हणतात, शेजारी ‘सायटिका असेल’ म्हणतो, कुणी वात म्हणतं. तेल चोळलं जातं, गुडघ्याला पट्टा बांधला जातो. हळूहळू ते गृहस्थ बाजारात जाणंच कमी करतात. चालणं थांबलं की कळही थांबते, आणि बरं वाटतंय असा सगळ्यांचा समज होतो.

बरं काहीच झालेलं नसतं. पायाकडे रक्त नेणाऱ्या धमनीत आतून चरबीचा थर साचलेला असतो. बसलेलं असताना पोटरीच्या स्नायूला जेवढं रक्त लागतं तेवढं त्या अरुंद वाटेनेही पोहोचतं. चालायला लागलं की मागणी कितीतरी पट वाढते, पुरवठा वाढत नाही आणि स्नायू ओरडतो. थांबलं की हिशेब जुळतो. याला डॉक्टर ‘पेरिफेरल आर्टेरियल डिसीज’ म्हणतात, थोडक्यात पीएडी. सांध्याचं दुखणं उठता-बसताना, जिना उतरताना त्रास देतं आणि दिवसागणिक बदलतं. मणक्यातल्या दबलेल्या शिरेचं दुखणं नुसतं उभं राहूनही वाढतं, आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर कमी होतं. धमनीची कळ मात्र ठरावीक अंतरावर येते आणि नुसतं उभं राहिलं तरी जाते. एवढा फरक तपासणाऱ्याने विचारला, तरी अर्धं निदान खुर्चीत बसल्याबसल्या होतं.

हा विषय महापालिकेच्या दारात का आणायचा, असा प्रश्न आपल्याला पडणं स्वाभाविक आहे. त्याचं उत्तर पायात कमी आणि छातीत जास्त आहे.

ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांचं उदाहरण घेता येईल. ते सतत सिगारेट ओढत. १९४८ च्या सुमारास त्यांचे पाय दुखू लागले, पायातला रक्तप्रवाह इतका कमी झाला की उजवा पाय कापावा लागेल अशी भीती डॉक्टरांना वाटली. मार्च १९४९ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यातच एडिंबरोचे शल्यविशारद जेम्स लर्माँथ यांनी त्यांच्या कमरेजवळची, रक्तवाहिन्या आवळून धरणारी मज्जातंतूंची साखळी तोडली. पाय वाचला. पुढे १९५१ मध्ये कर्करोगामुळे त्यांचं एक फुप्फुस काढावं लागलं आणि ६ फेब्रुवारी १९५२ च्या पहाटे ५६ वर्षांचा राजा झोपेतच गेला. मृत्यूचं कारण सांगितलं गेलं ते हृदयाच्या धमनीत झालेली रक्ताची गुठळी. राजाच्या दिमतीला त्या काळचे सर्वोत्तम डॉक्टर होते. पायाने तीन वर्षं आधी वर्दी दिली होती, पण धमन्यांमधल्या त्या थरावर द्यायला औषधच अस्तित्वात नव्हतं.

आज आहे. म्हणूनच हे पत्र.

पायाच्या धमन्या, हृदयाच्या धमन्या आणि मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या धमन्या या एकाच झाडाच्या फांद्या आहेत. पायात थर साचला तर वरही साचलेला असण्याची शक्यता मोठी. चालताना पोटरी धरणाऱ्या शंभर जणांकडे पाच वर्षांनी पाहिलं, तर सत्तर-ऐंशी जणांचा पाय जिथे होता तिथेच असतो, पाय गमावण्याची वेळ फार थोड्यांवर येते. पण तेवढ्याच काळात त्यांपैकी सुमारे वीस जणांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेला असतो आणि दहा ते पंधरा जण दगावलेले असतात. पायाचा रोगी पायाने कमी जातो, हृदयाने जास्त जातो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जवळपास अठ्ठेचाळीस हजार लोकांच्या एकत्रित अभ्यासात घोट्याचा रक्तदाब हाताच्या मानाने कमी भरणाऱ्यांचा दहा वर्षांतला मृत्यूचा धोका इतरांच्या दुपटीच्या घरात निघाला.

घोट्याचा रक्तदाब हे शब्द ऐकायला नवे वाटतील, पण तपासणी जुनी आणि सोपी आहे. रुग्णाला आडवं झोपवायचं. दंडाला नेहमीचा पट्टा बांधून वरचा आकडा घ्यायचा. मग तोच पट्टा घोट्याच्या वर बांधायचा आणि पेनाएवढी शलाका असलेलं लहानसं डॉप्लर यंत्र पावलाच्या धमनीवर धरून, रक्ताचा ‘शूं-शूं’ आवाज कोणत्या दाबाला परत येतो ते पाहायचं. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. दंडाला १४० आणि घोट्याला ९८ आला, तर उत्तर ०.७. निरोगी माणसात ते एक किंवा थोडं वर असतं. ०.९ किंवा त्याखाली आलं की धमनी अरुंद आहे हे जवळजवळ नक्की. बऱ्याच वर्षांचा मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर धमन्या चुन्याने कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत आणि उत्तर १.४ च्या वर जातं. तो आकडा ‘उत्तम’ समजून सोडून द्यायचा नसतो, तिथे पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. प्रशिक्षित परिचारिकेला या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आणि यंत्र नसेल तरी दोन बोटं सगळ्यांकडे असतात. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे नाडी लागते की नाही, एवढं पाहायला रुपयाही लागत नाही. मनगटाची नाडी पाहण्याची आपल्याकडे परंपरा आहे, पावलाची नाडी पाहण्याची नाही. तपासायला रुग्णाचे मोजे-चपला काढून घ्याव्या लागतात, आणि बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत नेमकं तेच राहून जातं.

पनवेलमध्ये असे किती जण असतील? पनवेलची अशी मोजणी हाताशी नाही, पण चेन्नईची आहे. तिथल्या दोन वसाहतींमध्ये झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी ३.२ टक्के लोकांच्या पायांच्या धमन्या अरुंद सापडल्या. मधुमेह नसणाऱ्यांत हे प्रमाण २.७ टक्के होतं, मधुमेहींमध्ये ६.३. चेन्नईचा आकडा पनवेलला जसाच्या तसा लावता येत नाही, हे मान्य. पण महापालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेतच पाच लाखांच्या आसपास माणसं होती. त्यानंतर खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा किती वाढलं हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? चेन्नईच्या निम्मं प्रमाण धरलं तरी रुग्णांची संख्या हजारांत जाते. त्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने मधुमेहींचा आकडा १० कोटी १० लाखांवर नेऊन ठेवला आहे. पायाच्या धमन्यांचे दोन मोठे शत्रू तंबाखू आणि मधुमेह. दुसरा घरोघरी पोहोचला आहे, पहिला कधी गेलाच नव्हता.

आता गोळीकडे येऊ, कारण पत्राचा मुख्य मुद्दा तोच आहे.

१९७१ च्या सुमारास टोकियोतल्या सांक्यो या औषध कंपनीत अकिरा एंडो नावाचे संशोधक बुरशी तपासत बसले होते. शेतकरी कुटुंबातला हा मुलगा लहानपणापासून बुरशी आणि अळंब्यांच्या प्रेमात होता. एखादी बुरशी स्वतःच्या बचावासाठी इतर जंतूंची कोलेस्टेरॉल बनवण्याची क्रिया बंद पाडत असेल का, हा त्यांचा प्रश्न होता. सुमारे सहा हजार नमुने तपासल्यावर क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या निळसर बुरशीत त्यांना १९७३ मध्ये हवा तो पदार्थ मिळाला. स्टॅटिन गटातलं ते पहिलं औषध. त्याच धर्तीचं, दुसऱ्या एका बुरशीतून मिळालेलं लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत विक्रीला आलं. एंडो जून २०२४ मध्ये नव्वदाव्या वर्षी वारले.

यकृत रोज कोलेस्टेरॉल बनवतं. स्टॅटिन त्या कारखान्यातली एक महत्त्वाची पायरी रोखतं. यकृताला तुटवडा जाणवतो, मग ते रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ओढून घेण्यासाठी आपल्या पेशींवर जास्त दारं उघडतं. रक्तातलं एलडीएल उतरतं. पण पीएडीच्या रुग्णाला खरा लाभ होतो तो धमनीतल्या थरावरच्या परिणामामुळे. तो थर निवळतो, त्यावरचं पातळ आवरण घट्ट होतं आणि फुटून गुठळी होण्याची शक्यता घटते. धमनी पुन्हा तरुण होत नाही. स्फोट मात्र टळतो.

याला पुरावा काय, हे आपण विचारलंच पाहिजे. स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या १९९४ सालच्या प्रसिद्ध चाचणीत सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांचे मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. पुढे त्याच नोंदी पुन्हा चाळल्यावर दिसलं की चालताना पोटरी धरण्याची तक्रार नव्याने सुरू होणं किंवा वाढणं ३८ टक्क्यांनी कमी झालं होतं. ब्रिटनमधल्या ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’त २०,५३६ जण होते, त्यांत ६,७४८ जणांना पायाच्या धमन्यांचा आजार होता. त्यांपैकी गोळीच्या नावाखाली नुसती पिठाची गोळी घेणाऱ्या शंभरांतल्या जवळपास तेहतीस जणांना पाच वर्षांत झटका, पक्षाघात किंवा धमनीची शस्त्रक्रिया यांपैकी काहीतरी भोगावं लागलं. रोज ४० मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत हा आकडा सव्वीसवर आला. म्हणजे दर शंभरांमागे सहा ते सात घरांवरचं संकट टळलं. आणि हा फायदा सुरुवातीचं कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांना झाला तसाच कमी असलेल्यांनाही झाला.

हे शेवटचं वाक्य आपल्या दवाखान्यांसाठी फार मोलाचं आहे. कारण इथे रोज काय घडतं? प्रयोगशाळेचा कागद हातात येतो, एलडीएल ११०, बाजूला छापलेलं असतं ‘१३० पर्यंत सामान्य’. रुग्ण खूश, घरचे खूश. पण ती छापील मर्यादा निरोगी माणसाची असते. ज्याच्या पायाची धमनी अरुंद झाली आहे त्याच्यासाठी युरोपच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूत्रांनी ५५ च्या खालचं लक्ष्य ठेवलं आहे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये भारतासाठी पहिली मार्गदर्शक सूत्रं प्रसिद्ध केली, त्यांतही अतिजोखमीच्या रुग्णांसाठी आकडा ५५ च आहे. तेव्हा ११० हा त्या गृहस्थांसाठी धोक्याचा आकडा आहे, आणि कागदावर तो धोका दिसत नाही.

चालण्याचं काय? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३५४ रुग्णांच्या चाचणीत वर्षभर ८० मिलिग्रॅम अ‍ॅटोरव्हास्टॅटिन घेणाऱ्यांचा कळ न येता चालण्याचा वेळ सरासरी ६३ टक्क्यांनी वाढला. पिठाची गोळी घेणाऱ्यांचाही ३८ टक्क्यांनी वाढला होता, हेही सांगायला हवं, आणि अगदी असह्य होईपर्यंत चालण्याच्या एकूण वेळात दोन्ही गटांत फरक पडला नाही. गोळी घेतली की माणूस उद्या कर्नाळा किल्ला चढेल, असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पाय कापावा लागण्याबद्दलची सर्वांत मोठी माहिती अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींमधून आली आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत दीड लाखाहून अधिक रुग्ण होते. स्टॅटिनचा भरपूर डोस मिळालेल्यांत पाय किंवा पायाचा भाग कापावा लागण्याचं प्रमाण, फक्त रक्ताची गुठळी रोखणारी गोळी घेणाऱ्यांच्या मानाने, एक तृतीयांशाने कमी आढळलं. ती चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हती, जुन्या नोंदींचा अभ्यास होता, म्हणून तिला तेवढंच वजन द्यायचं. तरी एक तृतीयांश पाय ही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही.

मग ही गोळी रुग्णांपर्यंत पोहोचते का? सतरा देशांत झालेल्या ‘प्युअर’ अभ्यासाने २०११ मध्ये एक बोचरा आकडा समोर आणला. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या लोकांपैकी कमी उत्पन्नाच्या देशांत, आणि त्यात भारत होता, स्टॅटिन घेणारे शंभरात तीनच निघाले. श्रीमंत देशांत सहासष्ट. ज्यांना झटका येऊन गेला त्यांची ही गत, तर ज्यांची फक्त पोटरी दुखते त्यांची काय असेल? परिस्थिती तेव्हापासून काहीशी सुधारली असेल. पण पायाच्या रुग्णाला स्वतःला हृदयाचा रुग्ण समजण्याची सवय अजून लागलेली नाही, आणि तपासणाऱ्यांनाही नाही.

पैशाचा अडसर इथे फारसा नाही, ही या विषयातली दुर्मीळ आनंदाची बाब. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे तिच्या किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे. जनऔषधी केंद्रात तिची रोजची गोळी नाक्यावरच्या कटिंग चहापेक्षा स्वस्त पडते. स्टॅटिनने भागलं नाही तर सोबत द्यायची इझेटिमाइब ही गोळीही जेनेरिक मिळते. त्यापुढची इंजेक्शनं आहेत. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत अशा एका इंजेक्शनाने पायावरची गंभीर संकटं ४२ टक्क्यांनी कमी केली. पण ती महाग आहेत, आणि महापालिकेकडे आज ती मागणं रास्त होणार नाही.

रायगड जिल्ह्याला आरोग्य योजनांचा अनुभव मोठा आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत रायगड होता. तीच आज महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि २०२३ च्या निर्णयाने तिचं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत गेलं. या योजनेने कितीतरी घरं कर्जातून वाचवली. पण तिची रचना रुग्णालयात दाखल होणाऱ्या माणसासाठी आहे. पाय काळा पडला, जखम सडली, शस्त्रक्रिया लागली की दार उघडतं. त्याआधीची दहा वर्षं, जेव्हा रोजची एक गोळी, तंबाखू सोडणं आणि चालणं एवढ्यावर काम भागलं असतं, तो काळ योजनेच्या बाहेर राहतो. तो काळ सांभाळायची जागा म्हणजे वस्तीतला दवाखाना. म्हणजे आपल्या अखत्यारीतली नागरी आरोग्य केंद्रं आणि ‘आपला दवाखाना’.

लोक गोळी सुरू करून मध्येच सोडतात, त्याचं एक कारण भीती. ‘स्टॅटिनने अंग दुखतं’ हे प्रत्येकाने कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने अशाच, त्रासामुळे गोळी सोडलेल्या साठ जणांना वर्षभर काही महिने स्टॅटिन, काही महिने पिठाची गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून-पालटून दिलं. जेवढा त्रास स्टॅटिनच्या महिन्यांत झाला त्यातला नव्वद टक्के पिठाच्या गोळीनेही झाला. त्रास खोटा नव्हता, माणसं खरोखर कळवळत होती, पण बहुतेकांत त्याचं मूळ औषधात नव्हतं. काही थोड्यांना स्नायूंचा त्रास खराच होतो, रक्तातली साखर किंचित वाढू शकते, यकृतावर क्वचित परिणाम होतो. म्हणून गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची, गरोदरपणात तर त्यांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.

पीएडीच्या रुग्णाच्या बाबतीत इथे एक जास्तीचा घोटाळा होतो, आणि त्याकडे फार कमी लक्ष गेलं आहे. त्याचे पाय मुळातच दुखतात. गोळी सुरू झाली आणि पोटरी दुखली की दोष गोळीवर जातो, आणि ज्याला तिची सर्वांत जास्त गरज तोच ती सर्वांत आधी टाकून देतो. दोन्ही दुखणी वेगळी ओळखता येतात. धमनीची कळ अंतराला बांधलेली असते आणि थांबल्यावर जाते. औषधाचं दुखणं सहसा दोन्ही बाजूंना, मांड्या-खांद्यांत, बसल्या जागीही असतं. गोळी देणाऱ्या परिचारिकेने किंवा औषधनिर्मात्याने एवढी दोन वाक्यं पहिल्याच दिवशी सांगितली, तर कितीतरी पाकिटं अर्धवट पडून राहणार नाहीत.

पनवेल हे औषधांचं गाव आहे, हेही विसरून चालणार नाही. धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना इथे १८७२ पासूनचा. आयुर्वेदाबद्दल इथल्या घरांत आदर आहे आणि तो असावा. म्हणूनच गुग्गुळाची गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. १९६६ मध्ये डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात गुग्गुळ आणि चरबी यांचा संबंध प्रयोगांनी तपासला, पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यापासून औषधही तयार केलं. आपल्या ग्रंथातली गोष्ट प्रयोगशाळेत नेऊन पाहण्याचं ते धैर्य होतं. पण २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर झालेल्या चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने एलडीएल उतरलं नाही, उलट थोडं वाढलं. ज्याची धमनी अरुंद आहे त्याने स्टॅटिनच्या जागी गुग्गुळ घेऊ नये, हे वैद्यांनीच रुग्णाला सांगितलं तर ते पटकन पटेल. महापालिकेने त्यांनाही या कामात बोलवावं. शेवटी स्टॅटिनही तांदळावरच्या बुरशीतूनच आलं आहे.

तंबाखूबद्दल फार लिहायची गरज नाही, फक्त एक खबरदारी. तिशी-चाळिशीतल्या विडी ओढणाऱ्या पुरुषाच्या पायाची बोटं काळी पडू लागली, तर तो बर्गर्स डिसीज असू शकतो. तिथे धमनीला सूज येऊन ती बंद पडते, दोष कोलेस्टेरॉलचा नसतो. त्याला स्टॅटिनचा आधार पुरणार नाही, तंबाखू पूर्ण, अगदी शेवटच्या विडीपर्यंत, सुटली तरच पाय वाचतो. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ मध्ये बंदी घातली, विडी आणि मशेरी मात्र घरात शाबूत आहेत.

महाराष्ट्रात पायांसाठी झटणारी माणसं आहेत. मुंबईत डॉ. अरुण बाळ यांनी मधुमेही पायाच्या शस्त्रक्रियेला आयुष्य दिलं. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी टांझानियाच्या डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांच्यासोबत ‘स्टेप बाय स्टेप’ हा कार्यक्रम उभा केला. त्यात डॉक्टर आणि परिचारिका अशा जोड्यांना एकत्र शिकवलं जातं, कारण पाऊल रोज पाहणारी नजर परिचारिकेची असते. आपल्या तालुक्यात नेऱ्याजवळच्या शांतिवनात कुष्ठरुग्णांच्या सेवेची परंपरा आहे. संवेदना हरपलेलं पाऊल रोज उलटून-पालटून पाहायचं असतं, हे या तालुक्याला मधुमेहाची साथ येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

तेव्हा मागणं असं. तीस वर्षांवरच्या नागरिकांची मधुमेह, रक्तदाब आणि तीन कर्करोगांसाठी राष्ट्रीय कार्यक्रमातून तपासणी होतेच. त्यात ‘चालताना पोटरी धरते का, थांबल्यावर जाते का?’ हा एक प्रश्न महापालिकेने आपल्यापुरता जोडावा. पन्नाशी ओलांडलेला मधुमेही किंवा तंबाखू ओढणारा माणूस दवाखान्यात आला की त्याचे मोजे काढून पावलाची नाडी पाहिली जावी. सगळ्या केंद्रांसाठी नाही, सुरुवातीला दोन-तीन केंद्रांसाठी हातात धरायची डॉप्लर यंत्रं घ्यावीत. ती बऱ्यापैकी मोबाइल फोनच्या किमतीत येतात. मोजायला शिकवण्यासाठी कामोठ्याच्या एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाला विनंती करता येईल. आणि ज्यांचा आकडा ०.९ किंवा त्याखाली येईल त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टॅटिन सुरू व्हावं आणि ते खंड न पडता मिळावं, एका वेळी महिन्याचं, शक्य असेल तर तीन महिन्यांचं. पंधरा दिवसांच्या गोळ्यांसाठी रांगेत उभं राहायला त्या माणसाला किती वेळा थांबत यावं लागतं, हे डोळ्यांपुढे ठेवून साठ्याचं गणित केलं जावं.

यापैकी एकही काम महापालिकेच्या आवाक्याबाहेरचं नाही. १८५२ मध्ये नगरपालिका झालेलं आणि १ ऑक्टोबर २०१६ ला रायगड जिल्ह्यातली पहिली महापालिका झालेलं हे शहर आहे.

आणखी एक मागणी आहे, तिचा आरोग्य विभागापेक्षा उद्यान आणि बांधकाम विभागाशी जास्त संबंध येईल. पीएडीचं गोळीइतकंच महत्त्वाचं औषध म्हणजे चालणं, पण ठरवून. कळ येईपर्यंत चालायचं, ती मध्यम झाली की थांबायचं, गेली की पुन्हा चालायचं. असं तीस ते पंचेचाळीस मिनिटं, आठवड्यातून किमान तीनदा, निदान तीन महिने. ज्याची पोटरी दीडशे पावलांवर धरते त्याला बसायला जागा हवी, नाही तर तो घराबाहेर पडतच नाही. वडाळे तलावाभोवती सकाळ-संध्याकाळ पनवेलकर चालायला येतात. त्या वाटेवर शंभर-शंभर मीटरवर पाठ टेकता येईल असं बाक असावं, आणि दर पन्नास मीटरवर जमिनीवर रंगाने अंतर लिहिलेलं असावं. म्हणजे दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, की ते गृहस्थ सांगू शकतील: जानेवारीत शंभरच्या खुणेला थांबत होतो, आता अडीचशेपर्यंत जातो.

कळावे,
एक पनवेलकर